पडलेलं मूल आधी कुणाकडे पाहतं?

नुकतं चालायला लागलेलं मूल धावता धावता आपटतं. बघणाऱ्यांचा श्वास अडकतो. पण मूल लगेच रडत नाही. ते मान वर करून आधी आपल्या माणसाचा चेहरा शोधतं. त्या चेहऱ्यावर घाबरगुंडी दिसली की भोकाड पसरतं. 'पडलास? ऊठ, काही नाही झालं' असं शांत हसू दिसलं, तर हात झटकून पुन्हा पळायला लागतं. हे दोन-तीन सेकंद आपण प्रत्येकाने शेकडो वेळा पाहिलेले असतात. मला या लेखात जे सांगायचं आहे, त्यातलं बरंचसं त्या दोन-तीन सेकंदांतच घडतं.

आत्ताच हे लिहायला बसले त्याला कारण आहे. मोबाइल उघडला की 'तुमची अटॅचमेंट स्टाइल', म्हणजे जवळच्या माणसांशी जोडलं जाण्याची तुमची पद्धत, 'ओळखा' अशा चाचण्या समोर येतात. दहा प्रश्नांची उत्तरं द्या, की तुम्ही आयुष्यभर नाती कशी निभावणार ते कळतं म्हणे. तरुण मुलंमुली रक्तगट सांगावा तसं 'मी अँक्शियस (धास्तावणारी) आहे', 'तो अव्हॉयडंट (जवळीक टाळणारा) आहे' असं सांगून मोकळी होतात. दुसरीकडे नवे आईबाप धास्तावलेले दिसतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत आपलं काही चुकलं तर मूल जन्माचं बिघडेल का, ही भीती त्यांच्या बोलण्यातून सारखी डोकावते. दोन्हींत थोडं खरं आहे आणि बरंच ताणलेलं आहे. म्हणून लहानपणी लागलेला लळा मोठेपणी आपल्याला कसा घडवतो, ते मुळापासून बघू.

## लळा लागतो कशाने?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाश्चात्त्य तज्ज्ञ पालकांना सांगत, मुलांना फार जवळ घेऊ नका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ मध्ये तर लिहूनच ठेवलं, की मुलांना कवटाळू नका, त्यांचे पापे घेऊ नका, सकाळी भेटल्यावर हस्तांदोलन करा. बाळाला आई हवी असते ती दुधापोटी, असंही तेव्हा धरून चालत. जो भरवतो त्याचा लळा लागतो, एवढंच.

हा समज मोडला माकडांच्या पिल्लांनी. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हॅरी हार्लो यांनी पिल्लांना आईपासून वेगळं केलं आणि पिंजऱ्यात दोन बनावट आया ठेवल्या. एक उघड्या तारेची, दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली. काही पिंजऱ्यांत दुधाची बाटली फक्त तारेच्या आईला लावलेली होती. तिथली पिल्लं भुकेपुरती तिच्याकडे जात आणि उरलेला वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत. समोर काही भीतीदायक आलं की धाव कापडाच्या आईकडेच. थोडा वेळ तिला घट्ट धरलं, की त्याच पिल्लाला धीर यायचा आणि ते मान वळवून त्या भीतीदायक वस्तूकडे निरखून बघायला लागायचं. १९५८ मध्ये हार्लो यांनी हे निष्कर्ष मांडले. प्रयोग क्रूर होते. त्या पिल्लांपैकी पुष्कळ जण मोठेपणी इतर माकडांत धड मिसळू शकले नाहीत. हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं.

त्याच काळात लंडनमध्ये जॉन बोल्बी नावाचे मनोविकारतज्ज्ञ हाच प्रश्न माणसांच्या मुलांबाबत विचारत होते. सुखवस्तू घरातले असूनही ते लहानपणी आईच्या वाट्याला दिवसातून तासभर येत. ज्या दाईवर त्यांचा जीव होता, ती ते जेमतेम चार वर्षांचे असताना घर सोडून गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर घरदार हरवलेल्या मुलांविषयी त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये अहवाल लिहिला. पुढे १९६९ पासून त्यांनी आपला सिद्धान्त सविस्तर मांडला. त्याचं सार असं: माणसाचं पिल्लू फार काळ असहाय असतं. मोठ्यांच्या जवळ राहिलं तरच ते जगतं. म्हणून कुणाला तरी धरून राहण्याची ओढ त्याच्यात भुकेइतकीच उपजत असते.

या बंधाला मानसशास्त्रात 'अटॅचमेंट' म्हणतात. आपल्याकडे 'लळा' हा सुरेख शब्द आहे, फक्त शास्त्रातला अर्थ थोडा नेमका आहे. घाबरल्यावर, दुखल्यावर मूल ज्याच्याकडे धावतं आणि ज्याच्या जोरावर पुन्हा बिनधास्त खेळायला जातं, त्या माणसाशी जुळलेलं नातं म्हणजे अटॅचमेंट. पुढे मी त्याला भावबंध म्हणते. त्यातल्या दोन्ही बाजू लक्षात ठेवा, परत येणं आणि पुन्हा जाणं. नुसतं चिकटून राहणं म्हणजे भावबंध नव्हे.

हे नुसतं पुस्तकात राहिलं नाही. त्या काळी ब्रिटनमधल्या इस्पितळांत मूल दाखल झालं की आईबापांना भेटायला जेमतेम वेळ मिळे. दाखल मुलं आधी आकांत करत, मग गप्प होत. 'रुळलं हो आता' असं कर्मचारी म्हणत. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांना ते गप्प होणं रुळणं वाटेना. त्यांनी १९५२ मध्ये आठ दिवस इस्पितळात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवलं. पुष्कळ डॉक्टर चिडले. पण १९५९ मध्ये सरकारी समितीनेच आईवडिलांना मुलांना मोकळेपणी भेटू द्यावं अशी शिफारस केली. आज आजारी मुलाच्या उशाशी आई किंवा बाबा बसलेले दिसतात, त्यामागे हीही लढाई आहे.

## दोन खुर्च्या, काही खेळणी, वीस मिनिटं

बोल्बींचं म्हणणं तपासायची रीत शोधली मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी. १९५४-५५ मध्ये युगांडातल्या खेड्यांत आया आणि तान्ह्या मुलांजवळ बसून त्यांनी बारीक नोंदी केल्या. नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला २६ कुटुंबांत दर तीन आठवड्यांनी चार-चार तास बसून मुलाच्या पहिल्या वर्षाचं निरीक्षण झालं. मूल रडल्यावर कोण किती वेळात उठतं, उचलल्यावर कसं धरतं, भरवताना बाळाने तोंड फिरवलं तर थांबतं की घास कोंबतं, इतक्या बारकाईने.

मग ती प्रसिद्ध चाचणी. एक अनोळखी खोली, दोन खुर्च्या, जमिनीवर खेळणी. साधारण वर्षा-दीड वर्षाचं मूल आईबरोबर येतं. थोड्या वेळाने एक अनोळखी बाई येते. आई बाहेर जाते, परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. सगळं मिळून वीसेक मिनिटं.

आपल्याला वाटेल की आई गेल्यावर मूल किती रडलं ते मोजायचं. एन्सवर्थ यांनी बघितलं ते आई परत आल्यावर काय झालं ते. एक मूल हात पसरून आईकडे जातं, तिच्या खांद्यावर डोकं टेकतं, हुंदके हळूहळू थांबतात, आणि दोन मिनिटांत त्याची नजर पुन्हा खेळण्यांकडे वळते. हा सुरक्षित भावबंध. दुसरं मूल आई आल्याचं जणू दिसलंच नाही असं ठोकळ्याशी खेळत राहतं. हा टाळणारा. तिसरं मूल उचलून घे म्हणून हात वर करतं आणि उचलल्यावर पाय झाडतं. त्याला आई सोडवत नाही, आणि तिच्या कुशीत शांतही होता येत नाही. हा धास्तावलेला. पुढे मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी चौथा प्रकार नोंदवला. त्यातलं मूल आईकडे निघतं, मध्येच थिजतं, पाठमोरं होऊन मागे सरकत येतं. ज्याच्याकडे आसऱ्याला जायचं त्याचीच भीती वाटत असेल तर जायचं कुठे, असा तो पेच असतो. मारहाण किंवा छळ होणाऱ्या मुलांत हा विस्कटलेला प्रकार जास्त आढळतो.

त्या दुसऱ्या मुलाजवळ मी थोडी थांबते, कारण लोक त्यालाच 'किती शहाणं, त्रास नाही' म्हणतात. १९७० च्या दशकात संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले. चेहरा शांत, हात ठोकळ्यांवर, आणि छातीत धडधड चाललेली. त्या मुलाला आई हवीच होती. जवळ गेलं की झिडकारलं जातं, हे वर्षभरात शिकून ते आपली गरज लपवत होतं. एका वर्षाच्या जिवाने इतकं कसब कमावलेलं असतं, हे कळल्यापासून 'शहाण्या' मुलांकडे बघण्याची माझी नजर बदलली.

हे सगळे प्रकार म्हणजे आजार नव्हेत, हे आवर्जून सांगायला हवं. ज्या घरात जे चाललं, त्याला मुलाने शोधलेली ती तोड असते. १९८८ मध्ये ८ देशांतल्या जवळजवळ २००० चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सुमारे ६५ टक्के मुलं सुरक्षित गटात निघाली. देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या वेगवेगळ्या पाहण्यांतला फरक जास्त होता.

## उसना ब्रेक

आता मुख्य प्रश्न. वर्षाच्या मुलाचं आईजवळ शांत होणं आणि चाळिशीतल्या माणसाचं भांडणात भान राखणं, यांचा काय संबंध?

ड्रायव्हिंग शिकवायची गाडी आठवा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो. शिकणारा गोंधळला तरी गाडी थांबते, आणि हळूहळू त्याचा स्वतःचा पाय योग्य वेळी ब्रेकवर जायला लागतो. तान्ह्या मुलाकडे भावनांचा स्वतःचा ब्रेक नसतो. राग, भीती, भूक, सगळं एकदम शंभरच्या वेगाने येतं. मोठं माणूस उचलतं, पाठीवर थोपटतं, 'हो हो, लागलं ना' म्हणतं, आणि मुलाचं शरीर खरोखर शांत होतं. असं हजारो वेळा झाल्यावर शरीर शांत होण्याची वाट शिकतं. मोठेपणी आपण स्वतःला समजावतो तो आवाज बहुतेकदा असा उसनवारीने आलेला असतो.

याच घडामोडीत आणखी काही शिकलं जातं. 'घाबरलास का?', 'राग आला ना, तिने गाडी घेतली म्हणून?' असं कुणी बोललं, तर पोटातल्या त्या खळबळीला नाव मिळतं. ज्या घरात एकच शब्द, 'गप्प बस', तिथलं मूल मोठं होऊनही काय वाटतंय ते विचारल्यावर 'काही नाही' म्हणतं. ते खोटं बोलत नाही. त्याला खरंच शब्द सापडत नाही. आणि स्वतःच्या मनात काय चाललंय ते ज्याला उमगत नाही, त्याला समोरच्याच्या मनाचा अंदाज बांधणं आणखी अवघड जातं.

सगळ्यात खोल जाऊन बसतो तो एक अंदाज. मी हाक मारली तर कुणी येतं का? माझं दुःख समोरच्याला जड होतं का? बोल्बींच्या मते मूल अशा अनुभवांतून मनात जगाचा एक आराखडा बनवतं आणि नव्या माणसांनाही तोच लावून बघतं. शेतातून रोज एकाच बाजूने गेलं की पायवाट पडते. ती कुणी ठरवून पाडलेली नसते, पण पुढच्या वेळी पाय आपसूक तिकडेच वळतात.

सुरुवातीच्या पडलेल्या मुलाकडे परत जाऊ. १९८५ मध्ये एक प्रयोग झाला. काचेच्या टेबलाखाली अशी रचना केली की मध्येच खोल पायरी आहे असं भासावं. वर्षाच्या मुलांना एका टोकाला ठेवलं, पलीकडे आई उभी. कडेशी आलेलं मूल थांबून आईकडे बघायचं. आयांना सांगितलं होतं की बोलायचं नाही, फक्त चेहरा. आनंदी चेहरा दिसला त्या १९ मुलांपैकी १४ काच ओलांडून गेली. घाबरलेला चेहरा दिसला त्या १७ पैकी एकही गेलं नाही. जग किती धोक्याचं आहे, हे मूल असं आपल्या चेहऱ्यावर वाचत असतं.

## चुका होणारच, मग?

इथवर वाचून एखादी आई म्हणेल, म्हणजे मी दमून चिडले, मोबाइलमध्ये बघत 'हं हं' केलं, ते सगळं कोरलं गेलं का? या प्रश्नाचं उत्तर मला या विषयातलं सर्वांत दिलासा देणारं संशोधन वाटतं.

एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई काही महिन्यांच्या बाळाशी हसतखेळत बोलते. मग सांगितल्याप्रमाणे तिचा चेहरा एकदम निर्विकार होतो. बाळ आधी हसून बघतं. मग हात पुढे करतं, आवाज काढतं, माहीत असलेले सगळे डाव खेळून बघतं. काहीच होत नाही, तेव्हा नजर फिरवतं, अंग टाकतं, रडू लागतं. हे जेमतेम दोन-तीन मिनिटं चालतं, पण बघवत नाही.

लोक एवढंच लक्षात ठेवतात आणि घाबरतात. पण ट्रॉनिक यांनी रोजच्या, चांगल्या चाललेल्या मायलेकरांच्या खेळाचं चित्रीकरण सेकंदासेकंदाने तपासलं तेव्हा दिसलं की त्यांचा सूर जुळलेला असतो तो जेमतेम एक तृतीयांश वेळ. बाकी वेळ बाळ एकीकडे, आई दुसरीकडे. ती हसवायला जाते तेव्हा त्याला झोप आलेली असते. ती पुढे सरकते, ते मान वळवतं, ती थांबते, ते परत बघतं. सूर सारखा सुटतो आणि सारखा जुळवला जातो. मुलाला घडवतं ते हे पुन्हा जुळवणं. तुटलं तरी सांधता येतं, हे त्याला शब्द येण्याआधीच कळतं.

आमच्या घरी भांडणानंतर वडील दोन-दोन दिवस बोलत नसत आणि मग काही घडलंच नाही असे पुन्हा बोलायला लागत. ते प्रेमळ होते, यात शंका नाही. पण तुटलेलं सांधतात कसं, ते मी कधी पाहिलंच नाही. लग्नानंतर पहिल्या भांडणात मी दीड दिवस गप्प राहिले. मला वाटत होतं हाच समजूतदारपणा. नवरा तिसऱ्यांदा येऊन म्हणाला, 'अगं, ओरड हवं तर, पण बोल.' त्या वाक्यातलं मला तेव्हा काहीच कळलं नाही. ओरडल्यानंतरही माणूस तिथेच असतं, हे त्याच्या घरात त्याने पाहिलेलं होतं.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट म्हणत, आई परिपूर्ण असायची गरज नाही, पुरेशी चांगली असली की झालं. मूल वाढतं तसं तिने थोडं थोडं कमी पडत जाणंही त्यांना आवश्यक वाटे.

## मोठेपणी हे दिसतं कुठे?

१९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात प्रेमाविषयीची प्रश्नावली छापली. ६२० उत्तरं तपासली तर निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी 'जवळीक मला सहज जमते' या वर्णनावर खूण केली होती. सुमारे चौथा हिस्सा लोकांना जवळीक अवघडल्यासारखी वाटत होती, आणि उरलेल्यांना समोरचा सोडून जाईल ही धास्ती. आजच्या मोबाइलवरच्या चाचण्या ही याच प्रश्नावलीची नातवंडं. ती संशोधनाची सुरुवात होती, निदान करायचं यंत्र नव्हतं. शिवाय एकच माणूस मैत्रिणीजवळ मोकळा आणि वडिलांसमोर मिटलेला असू शकतो. भावबंध माणसागणिक वेगळा असतो, त्यामुळे 'मी अमुक प्रकारची' हे वाक्यच थोडं कच्चं आहे.

आधाराची गरज मोठेपणी संपते असंही नाही. २००६ मध्ये जेम्स कोन यांनी १६ विवाहित स्त्रियांना सौम्य विजेचा झटका बसू शकतो असं सांगून मेंदूचं स्कॅन केलं. एकटं असताना मेंदूतली धोका जाणवल्याची हालचाल सर्वांत जास्त होती. अनोळखी हात धरल्यावर थोडी कमी झाली आणि नवऱ्याचा हात धरल्यावर आणखी कमी. नातं जितकं चांगलं, तितका परिणाम जास्त. 'स्वावलंबी व्हा' म्हणताना आपण हे विसरतो. ज्याला गरजेला हात मागता येतो, तोच बहुधा एकट्याने दूरवर जाऊ शकतो.

कामाच्या ठिकाणीही हे रोज दिसतं. वरिष्ठांनी 'जरा बोलायचंय' एवढाच निरोप पाठवला, तर एकजण सहज जाऊन भेटतो, दुसरीची रात्रीची झोप उडते, तिसरा आधीच ठरवतो की आपल्याला कुणाची गरज नाही. निरोप एकच. प्रत्येकाने त्यात आपल्या मनातला जुना अंदाज वाचला.

## म्हणजे बाळाचे पाय पाळण्यातच दिसतात?

ही म्हण इथे जरा जपून वापरायला हवी. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९७० च्या दशकाच्या मध्यावर गरिबीत जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून मागोवा सुरू झाला, आणि ती मोठी होईपर्यंत तो घेतला गेला. त्यातला एक धागा असा. वर्षाच्या वयात सुरक्षित असलेली मुलं प्राथमिक शाळेत सवंगड्यांत जास्त चांगली मिसळत होती. जी मिसळत होती त्यांच्या सोळाव्या वर्षी मैत्री जास्त घट्ट होत्या. आणि ज्यांच्या मैत्री घट्ट, त्यांची विशीतली प्रेमातली भांडणं कमी कडवट होती. बाळपणापासून थेट विशीत उडी कुठेच नाही. साखळी आहे, आणि प्रत्येक कडीपाशी एखादा मित्र किंवा एखादं संकट ती वळवू शकतं. म्हणून बाळपणीचा प्रकार आणि मोठेपणीचा प्रकार यांचा मेळ अनेक पाहण्यांत माफकच निघतो, काहींत जवळजवळ निघतच नाही.

हवाई बेटांपैकी कौआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरात व्यसन किंवा मानसिक आजार अशी अनेक ओझी ज्यांच्यावर एकदम होती, त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश तरी सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक गोष्ट सापडली: जीव लावणारं किमान एक माणूस. ते आईवडीलच होते असं नाही. आजी होती, मोठी बहीण होती, शेजारीण होती, शिक्षक होते.

तरी 'कधीही चालेल' असं म्हणून सोडून देताही येत नाही. रोमानियात १९८९ च्या अखेरीस चाउशेस्कूंची राजवट कोसळल्यावर अनाथालयांतली हजारो मुलं जगासमोर आली. खायला मिळत होतं, उचलून घेणारं कुणी नव्हतं. पुढे बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास झाला. निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत ठेवलं. ती सावरली, भावबंध जुळले, बुद्धी आणि मेंदूच्या मोजमापांत फरक पडला. पण जी साधारण दोन वर्षांची होण्याआधी घरात गेली ती जास्त सावरली. पायवाट नंतरही पाडता येते, गवत मात्र वाढत जातं. हे टोकाच्या वंचनेबद्दल आहे, हेही लक्षात असू द्या. कामावरून उशिरा येणाऱ्या आईने ही मुलं डोळ्यांसमोर आणून स्वतःला दोष देऊ नये.

## पाळण्याची दोरी एकटीच्याच हाती का?

या सिद्धान्तावरचा सर्वांत मोठा आणि रास्त आक्षेप हाच, की सगळं खापर आईच्या माथी. बोल्बींच्या सुरुवातीच्या लिखाणाचा वापर बायकांना घरी बसवायला झाला, हे खरं आहे. पण पुराव्याने ती बाजू टिकली नाही. अमेरिकेत १९९१ पासून १३०० हून जास्त मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात मूल पाळणाघरात जातं का, एवढ्यावरून त्याचा भावबंध सुरक्षित की असुरक्षित ते ठरलं नाही. घरी आई त्याच्या खुणा ओळखून वागते का, याला जास्त वजन होतं. मूल वडिलांशी, आजीशी, सांभाळणाऱ्या बाईशीही वेगवेगळे भावबंध जोडतं. एकाने दुसरा पुसला जात नाही.

आणि आईच्या वागण्याचा हिशेबही तेवढाच नसतो. तिला झोप मिळते का, घरात तिला कुणी मारतं का, महिनाअखेरीची धास्ती आहे का, बाळंतपणानंतरच्या नैराश्यात तिला कुणी डॉक्टरकडे नेलं का? मुलाचा हात धरायला मोकळा हात लागतो. मुलांच्या भावबंधाची काळजी असलेल्या समाजाने आधी आईला बाळंतपणाची पुरेशी रजा, वडिलांना सुट्टी आणि तिच्यासाठी वेळेवर उपचार यांची सोय करावी, असं माझं ठाम मत आहे.

'सारखं उचललं की मूल डोक्यावर बसतं', हा दुसरा जुना आक्षेप. एन्सवर्थ यांच्या नोंदींत उलटं दिसलं. पहिल्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लवकर प्रतिसाद मिळाला, ती मुलं वर्षअखेरीस कमी रडत होती. त्या निष्कर्षावर पुढे वाद झाले. पण हाकेला ओ मिळाल्याने मुलं दुबळी होतात, याला आधार सापडलेला नाही. हाकेला ओ देणं आणि प्रत्येक हट्ट पुरवणं यात फरक आहे, तो इथे विसरला जातो. 'चाकू नाही मिळणार, पण राग आला ना, ये' असं म्हणता येतं.

उपजत स्वभावाचं काय? तोही असतोच. जेरोम केगन यांनी दाखवलं की काही बाळं चार महिन्यांचीच असताना नवीन काही दिसलं की हातपाय झाडून अस्वस्थ होतात, आणि त्यांच्यातली पुष्कळ पुढे बुजरी होतात. त्यामुळे एकाच घरातली दोन भावंडं वेगळी निघाली की लगेच पालकांचा पक्षपात शोधू नये. बुजरं मूल सुरक्षित भावबंधातही बुजरंच राहील. फक्त मागे कुणी आहे हे माहीत असल्याने तेही दार उघडून बघेल.

## आता वय गेलं, काही होतं का?

मेरी मेन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मोठ्या माणसांसाठी तासाभराची एक मुलाखत तयार केली. त्यातला एक प्रश्न असा: लहानपणी आईशी तुमचं नातं कसं होतं, ते पाच शब्दांत सांगा. मग प्रत्येक शब्दासाठी एक प्रसंग आठवा. तसाच प्रश्न वडिलांबद्दल.

एकजण म्हणतो, 'प्रेमळ, छान, उत्तम.' प्रसंग विचारला तर, 'असं काही आठवत नाही, सगळं छानच होतं.' दुसरी आईचं नाव काढताच वीस वर्षांपूर्वीच्या भांडणात शिरते आणि जणू आई समोर बसली आहे अशी वाद घालू लागते. तिसरी म्हणते, 'ती फार रागीट होती. एकदा माझ्या हातून काच फुटली तर मला दाराबाहेर उभं केलं. मी खूप घाबरले होते. आता वाटतं, तेव्हा तीही तीन मुलांना घेऊन एकटी होती. पण ते तिने करायला नको होतं.'

बालपण सर्वांत कठीण या तिसरीचंच, आणि मुलाखतीत सुरक्षित गणली जाते तीच. बालपण कसं होतं यापेक्षा ते आज सलगपणे, स्वतःला किंवा इतरांना न फसवता सांगता येतं का, हे इथे तपासतात. लंडनमध्ये पीटर फोनागी आणि सहकाऱ्यांनी पहिलटकरणींची ही मुलाखत बाळंत होण्याआधीच घेतली. मूल वर्षाचं झाल्यावर त्याचा भावबंध तपासला, तर सुमारे चारपैकी तीन वेळा दोन्हींचा मेळ बसला. १९९१ मधला हा निष्कर्ष. पुढच्या मोठ्या संकलनांत हा मेळ थोडा सैल निघाला, तरी तो टिकून आहे. कठीण बालपणातून इथवर पोचलेल्यांना संशोधक 'कमावलेली सुरक्षितता' असं म्हणतात. ती कमावली जाते सहसा कुणाच्या तरी संगतीत. तो कधी धीराचा जोडीदार असतो, कधी जुनी मैत्रीण, कधी समुपदेशक.

माझ्या मुलीवर परवा मी नको इतकी ओरडले. ती खोलीत गेली आणि मला गप्प बसायची तीच जुनी ओढ लागली. दहा मिनिटांनी जाऊन दारात उभी राहिले. म्हटलं, 'मघाशी मी चिडले ते ऑफिसातलं होतं. तुझं काही चुकलं नव्हतं.' ती चित्रात रंग भरत होती. वर न बघताच म्हणाली, 'मला माहिती आहे. पण तू येशील का नाही, तेच बघत होते.'